भिवाचा थांबा

दुर्वाला स्वतःचं नाव आठवत होतं, माझं आठवत होतं, वाडीतल्या एकूण एक कुत्र्याचं आठवत होतं. मधली दोन वर्षं तेवढी सबंध गेली होती, आणि जुन्यातलेही काही तुकडे. आणि त्याच दोन वर्षांत तिनं पुण्यातल्या एका कुपीला कुलूप घातलं होतं.

दुर्वा माझी मुलगी. आम्ही गवस, दोडामार्ग तालुक्यातले. शिमग्याला ती घरी आली, माझ्याबरोबर काजूच्या बागेत फिरली आणि आठवड्याच्या आत तापानं फणफणली. माकडताप. जंगलातली गोचीड चावली की होतो. आमच्या भागाला तो नवा नाही, पण गेल्या सहा वर्षांत त्यानं रूप बदललं होतं आणि जुन्या लसीला तो जुमानत नव्हता. तिची आई शेवंती त्यातच गेली. म्हणून तर दुर्वानं त्या कुपीला, म्हणजे तिच्या संस्थेतल्या गणित करणाऱ्या यंत्राला, हाच प्रश्न घातला होता: या नव्या तापावरची लस कशी बांधायची?

कुपीनं चौदा महिने गणित केलं. उत्तर तयार झालं. ते एकदाच वाचता येतं, म्हणून लस बनवणारे आणि तपासणारे सगळे समोर असताना वाचायचं ठरलं होतं, शिमग्यानंतरच्या आठवड्यात. तोवर दुर्वानं त्याला कुलूप घातलं आणि ती घरी आली. ताप डोक्यात गेला. सतरा दिवसांनी शुद्धीवर आली तेव्हा कुलूप उघडायचा क्रम तिच्याजवळ नव्हता.

हे सगळं मला कसं कळतं, असं कुणी विचारेल. तिनंच शिकवलं, गाईच्या दाव्यावर.

ती तेव्हा शिकत होती. सुट्टीत आली होती. दाव्याला एक गाठ मारून तिनं ते माझ्या हातात दिलं. "बाबा, ह्याचो वीतभर तुकडो बघा. काय दिसता?"

"काथ्या."

"दुसरो तुकडो?"

"काथ्याच."

"मगे गाठ खंय असा?"

मी गाठीवर बोट ठेवलं. ती म्हणाली, ही सैल करून दाव्यावर इकडून तिकडे सरकवता येते, मग ती नेमकी कुठं आहे असं सांगता येईल का? दावं हलवा, झटका, एखादा धागा कुरतडा, गाठ जात नाही. कारण ती कुठल्याच एका तुकड्यात नाही. ती सबंध दाव्यात आहे. टोक मोकळं करून उलट्या वाटेनं काढली तरच सुटते.

पदार्थाचंही तसंच असतं, असं तिचं म्हणणं. पाणी आणि बर्फ यांत फरक काय, तर कण कुठं आणि कसे बसलेत हा. पण काही पदार्थ असे असू शकतात की कण बघून फरकच कळू नये. फरक असतो तो सगळे मिळून कसे गुंतलेत यात. कागदापेक्षा कितीतरी पातळ पत्रा घ्यायचा, जगात कुठं नसेल इतका गार करायचा. मग त्यातले इलेक्ट्रॉन एकेकटे राहत नाहीत, सगळे मिळून एक होतात आणि त्या पत्र्यात बारीक भोवरे उठतात. एक भोवरा दुसऱ्याला वळसा घालून आला की सबंध पत्र्याला तो वळसा लक्षात राहतो. कुठला पुढून गेला, कुठला मागून, कशानंतर काय. या वळशांतूनच गणित करायचं. बाहेरचा धक्का, उष्णता, धूळ एका जागी लागते. विणीला एका जागचा धक्का कळतच नाही.

असा पदार्थ कुणी पाहिला नव्हता तेव्हा दुर्वानं त्याचं वर्णन कागदावर मांडलं. लोक हसले. कागदावरचा पदार्थ कागदावरच ठेवा, म्हणाले. आठ वर्षांनी तो पत्रा खरोखर बनला आणि तिनं लिहिलं होतं तसाच वागला. त्यानंतर असा पत्रा आत बसवलेल्या कुप्या ठिकठिकाणी झाल्या. इस्पितळांत, सरकारात, कारखान्यांत. त्यांत ठेवलेल्या गोष्टीची नक्कल होत नाही, चोरून बघता येत नाही. क्रम माहीत नसताना बघितलं की आतलं विस्कटून जातं. म्हणून नियम झाला की ज्याची कुपी त्यानं कुलपाचा क्रम डोक्यात ठेवायचा, कुठंही लिहायचा नाही. अशा माणसांना मोटारसायकल चालवायला बंदी होती. दुर्वा हसून सांगायची, माझ्या डोक्याला आता हेल्मेटपेक्षा जास्त कायदे आहेत. गोचिडीचा कायदा मात्र कुणी केला नव्हता.

मे महिन्यात, मी अंगणात कोकमाची सालं वाळत घालत असताना, फोन आला. संस्थेच्या प्रमुख इरावती खाडिलकर. शांत बोलणाऱ्या बाई, पण त्या दिवशी आवाजात घाई होती.

"गवसकाका, कुपी गार ठेवणारं यंत्र बिघडलंय. सुटा भाग परदेशातून यायला चार दिवस लागतील. गारवा उद्या दुपारी बारापर्यंतच टिकेल."

"पण ती वीण कशानं बिघडत नाही ना?"

"वीण बिघडत नाही, काका. पत्राच वितळला तर वीण कशावर राहणार?"

मला कळलं. उत्तर गेलं तर पुन्हा चौदा महिने. म्हणजे येत्या थंडीतला तापाचा हंगाम लसीशिवाय, आणि कदाचित त्याच्या पुढचाही. गेल्या हंगामात आमच्या तालुक्यात एकतीस माणसं गेली होती.

"दुर्वाच्या वहीत एक ओळ सापडली," बाई म्हणाल्या. "गावचा गोफ, उलटा. कुलपाचा क्रम तोच असावा. तुम्ही गोफाचे नाईक होतात ना?"

गोफ म्हणजे आमच्या शिमग्यातला नाच. वर मधोमध आठ दोऱ्या बांधतात. आठ जण एकेक दोरी धरतात, चार उजवीकडून, चार डावीकडून, एकमेकांच्या आतून-बाहेरून फेर धरतात. बारा फेर झाले की वर जाड वेणी विणली जाते. मग तेच सगळं उलट्या क्रमानं नाचायचं. नीट नाचलात तर वेणी सुटून आठही दोऱ्या मोकळ्या होतात. एक पाऊल चुकलं तर दोऱ्या अडकतात आणि गाव वर्षभर हसतं. मी बावीस वर्षं पुढची दोरी धरली. क्रम कधी लिहिला नाही. मला लिहायला आलं तेच पन्नाशीनंतर, आणि तोवर गोफ पायांत जाऊन बसला होता.

दुर्वाला पुढच्या सीटवर बसवून मी त्याच दिवशी निघालो. गाडी आपली आपण चालत होती. आंबोलीचा घाट चढताना मी विचारलं, "बाय, वहीत गोफ लिवलंस, आठवता?"

"नाय, बाबा. गोफय नीट आठवणा नाय." ती बाहेर बघत राहिली. "डॉक्टर रोज विचारत. ह्या आठवता? त्या आठवता? माका वाटता मी फुटलंय आणि ते तुकडे मोजतत."

मलाही तसंच वाटत होतं.

सकाळी सातला आम्ही संस्थेत होतो. यंत्रापाशी फिरोज तांबोळी उभा होता; गारव्याचं यंत्र तोच सांभाळायचा. त्यानं दुर्वाला "या मॅडम" म्हटलं, ती अनोळखी हसली, आणि तो मान फिरवून उगाच एक नळी पुसायला लागला.

इरावतीबाईंनी पडद्यावर व्हिडिओ लावला. जिल्ह्याची लोकनृत्य स्पर्धा, बरीच जुनी. पुढची दोरी धरून मी. मिशा काळ्या. शेवटी ढाल घेताना छाती फुगवलेला पण मीच.

"यावरून इथल्या विद्यार्थी मुलांनी सगळा क्रम काढलाय," बाई म्हणाल्या. "यंत्रात उलटा भरूनही झालाय. आता फक्त बघायचं बाकी आहे. तुम्ही एकदा हो म्हणा."

आठही जण तालात होते. एक चूक नव्हती. सातवा फेर आला आणि गेला.

"हा आमचा गोफ नव्हे," मी म्हटलं.

"काका, यात तुम्हीच पुढे आहात!"

मग मला सांगावं लागलं. आमच्या गावात माझ्या लहानपणी भिवा गवस चौथी दोरी धरायचा. डाव्या पायानं अधू. एका शिमग्याला सातव्या फेरात त्याचा पाय आखडला आणि तो जागच्या जागी थांबला. समोरून माझा बाप येत होता. नाच मोडू नये म्हणून त्यानं भिवाला सबंध एक वळसा घातला आणि पुढं गेला. वेणीला तिथं एक उंचवटा आला. उलगडताना त्याच जागी भिवा पुन्हा थांबला, बापानं उलटा वळसा घातला, गोफ स्वच्छ सुटला. पुढच्या शिमग्याआधी भिवाला साप चावला आणि तो गेला. त्याच्या जागी जो आला तो सातव्या फेरात थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. तेव्हापासून आमच्या गोफात भिवाचा थांबा आहे. बाहेरचे त्याला चूक म्हणतात. स्पर्धेत त्याचे गुण कापतात.

"म्हणून त्या वर्षी मी तो काढला. ढालीसाठी," मी म्हटलं. "दुर्वा बारा वर्षांची होती. आठ दिवस माझ्याशी बोलली नाही."

फिरोज हळूच म्हणाला, "आणि आम्ही आत्ता बघायचं बटण दाबणार होतो."

"दाबलं नाहीत ना? मग ठीक आहे," बाई म्हणाल्या, पण खुर्चीत बसल्या. "बघेपर्यंत काही बिघडत नाही. चुकीचं उलगडलेलं परत विणून पूर्वीसारखं करता येतं. काका, मग बरोबर क्रम सांगा. कितवी दोरी कुणाच्या आतून?"

पहिला फेर सांगता आला. दुसरा अर्धा. पुढं शब्द येईनात. पाय मात्र जमिनीवर हलत होते.

"दोरी द्या हातात," मी म्हटलं. "आणि सात माणसं."

साडेआठला फिरोजनं कपडे वाळत घालायची दोरी आणली, चार निळ्या, चार पिवळ्या. उपाहारगृहातला पंखा काढून आठही दोऱ्या त्याच्या हुकाला बांधल्या. टेबलं भिंतीला लावली. वर एक कॅमेरा बसवला. न लिहिण्याचा नियम बाईंनी स्वतःच्या जबाबदारीवर त्या दिवसापुरता बाजूला ठेवला. माणसं जमली: बाई, फिरोज, दारावरचे रखवालदार सुतार, पोळ्या करणाऱ्या मंगलताई आणि दोन विद्यार्थिनी. माझ्यासकट सात.

"मी यंत्र सांभाळतो काका, नाचत नाही," फिरोज कुरकुरला. "स्वतःच्या लग्नात नाचलो नाही."

"ते बायको अजून सांगत असते," मंगलताई म्हणाल्या. "धर दोरी."

चौथी दोरी लोंबत होती. सगळ्यांचं लक्ष तिच्याकडं, आणि मग खिडकीशी बसलेल्या दुर्वाकडं.

मला एक संध्याकाळ आठवली. ती आठ-नऊ वर्षांची होती. मांडवाच्या कडेला बसून पायाच्या बोटांत आठ सुती धागे अडकवून आमच्याबरोबर विणत होती. "बाबा, माका घेयात?" तिनं विचारलं होतं. मी म्हटलं होतं, पोरींनी गोफ धरूचो नसता. पुन्हा तिनं विचारलं नाही.

"बाय," मी म्हटलं, "चौथी दोरी धरतलंस?"

तिनं चपला काढून खिडकीखाली ठेवल्या. मग उठून आली.

पहिले तीन प्रयत्न पहिल्याच फेरात मोडले. सुतार बाईंवर आदळले, "सॉरी मॅडम, सॉरी मॅडम" करत राहिले. चौथ्यांदा मंगलताईंनी ताल पकडला आणि तोंडानं ठेका धरला. मग जमत गेलं. दोन फेर. चार. मी ओरडून सांगत होतो, आत, बाहेर, आत. घड्याळात दहा वाजून गेले होते. थांब्याबद्दल मी मुद्दामच कुणाला पुन्हा काही बोललो नाही. व्हिडिओपाशी मी ते सांगत होतो तेव्हा संस्थेच्या डॉक्टरांनी दुर्वाला तपासायला बाहेर नेलं होतं. तिनं ऐकलं नव्हतं. मला बघायचं होतं.

सहावा फेर संपला. सातवा सुरू झाला. मी समोरून येत होतो. दुर्वा दोन पावलं आली आणि थांबली.

मागून सुतार तिच्यावर आपटता आपटता राहिले. "मॅडम, चला ना!"

ती हलली नाही. डावा पाय किंचित उचललेला, भिवासारखा. भिवाला तिनं कधी पाहिलंही नव्हतं.

"कशाक थांबलंस गो?" मी विचारलं.

"म्हायत नाय." ती गोंधळून पायाकडं बघत होती. "हय थांबूचा असता मां?"

मी तिच्याभोवती वळसा घातला. सबंध एक. वर वेणीला उंचवटा आला आणि आम्ही पुढं गेलो.

बारा फेर झाले. मग उलटे फिरलो. सहाव्या उलट्या फेरात ती पुन्हा थांबली, मी उलटा वळसा घातला, उंचवटा विरघळला. शेवटी आठही दोऱ्या सरळ लोंबत होत्या. मंगलताईंनी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच.

इरावतीबाई मात्र हसल्या नाहीत. घाम पुसत म्हणाल्या, "काका, एक विचारते. थांबा हिच्या पायांत आहे, हे दिसलं. पण कुपीत तिनं कुठला गोफ बांधला? व्हिडिओचा की हा? बघणं एकदाच आहे."

दुर्वानं खांदे उडवले. तिला खरंच माहीत नव्हतं.

मी यंत्राचा विचार केला नाही. मी त्या आठ दिवसांचा विचार केला. बारा वर्षांची पोर ताटावर बसायची, जेवायची, आणि माझ्याशी एक शब्द नाही. नवव्या दिवशी तिनं एवढंच विचारलं होतं, "तुमी भिवाक काढलात कशाक?"

"व्हिडिओचा गोफ ती आमचा मानत नाही," मी म्हटलं. "आणि तिनं लिहिलंय, गावचा गोफ. हाच."

"मग इथं सही करा. घरचं माणूस म्हणून."

मी सही केली. 'लवू सोमा गवस'. प्रत्येक अक्षर वाचता येत होतं.

चुकीचा क्रम मुलांनी आम्ही नाचत असतानाच परत विणून काढला होता. मग फिरोजनं कॅमेऱ्यातला नवा क्रम उलटा भरला. तो कुपीला उलगडायला चाळीस मिनिटं लागली. आत काय चाललंय ते दिसत नव्हतं; पडद्यावर नुसता फेऱ्यांचा आकडा. सहाव्या उलट्या फेराला आकडा थोडा जास्त रेंगाळला. त्या पत्र्यात, जगात कुठं नसेल इतक्या गारठ्यात, एक भोवरा थांबला होता आणि दुसरा त्याला वळसा घालत होता. दुर्वानं माझा हात धरला होता. तिची बोटं दोरीनं लाल झाली होती.

अकरा वाजून सदतीस मिनिटांनी फिरोज म्हणाला, "बघू?"

बाईंनी मान हलवली.

पडद्यावर आकड्यांच्या ओळी आल्या. मला त्यातलं काही कळत नव्हतं. उत्तराचा ताळा साध्या कॉम्प्युटरवर घेता येतो, त्याला दोन मिनिटं लागतात, एवढं बाईंनी सांगितलं होतं. चुकलं असेल तर ती नुसती खिचडी असेल. दोन मिनिटं कुणी कुणाकडं बघितलं नाही.

"जुळलं," फिरोज म्हणाला. मग खालच्या आवाजात, स्वतःलाच समजावल्यासारखं, "जुळलं. सगळं जुळलं."

बाई उठून भिंतीकडं तोंड करून उभ्या राहिल्या. सुतारांना काय झालं ते नीट कळलं नव्हतं, तरी ते दारापाशी डोळे पुसत होते. फिरोजनं उरलासुरला गारवा टिकवणारा पंप बंद केला. दिवसरात्र चालणारी घरघर थांबली आणि उपाहारगृहात मंगलताई भांडी लावत होत्या त्याचा आवाज पहिल्यांदा इथवर आला. पत्रा आता वितळला तरी चालणार होता.

चार वाजता आम्ही परत निघालो. लस बनवणाऱ्यांचं काम त्याच दुपारी सुरू झालं होतं. थंडीच्या आधी ती आमच्या वाडीत पोचेल, असं बाईंनी हातात हात घेऊन सांगितलं. दुर्वा मान टेकून बसली होती. मला वाटलं झोपली.

दोन महिने मी तिच्यात एकेक तुकडा शोधत होतो. हे आठवतं का, ते आठवतं का. नाही म्हणाली की रात्रभर मला झोप येत नसे. दावं माझ्याच हातात देऊन तिनं मला समजावलं होतं, आणि मी मात्र वीतभर वीतभर बघत बसलो होतो.

"बाबा," ती डोळे न उघडता म्हणाली, "येत्या शिमग्याक चौथी दोरी कोणाची?"

"तुझी."

"आणि गाववाले?"

"गाववाल्यांका मी बघतंय. लय बोलले तर मंगलताईंका बोलावया."

तिच्या ओठाचा कोपरा हलला. "थांबो ठेवूचो लागतलो."

"ठेवतलंय."

"स्पर्धेतय?"

"स्पर्धेत जाऊचाच नाय."

ती हसली. तापानंतर पहिल्यांदा, मोठ्यानं, आईसारखी नाक वर करून. मग खरंच झोपली. तिच्या मांडीवर निळी दोरी होती; फिरोजनं आठवण म्हणून दिली होती. मी ती हळूच उचलली आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत बोटांतून ओढून बघितली. एवढं विणून, एवढं थांबून, एकही पीळ उरला नव्हता. मी तिची गुंडाळी केली आणि पुन्हा तिच्या हाताशी ठेवली.